‘पेशीत शिरणारे सोने’ : वैज्ञानिक मराठीतील एका वाक्याची चिकित्सा

१

विज्ञानविषयक गद्याची समीक्षा हा मराठीत अद्याप उपेक्षित राहिलेला प्रांत आहे. कवितेतील एका प्रतिमेवर पानेच्या पाने खर्ची घालणारा समीक्षक वैज्ञानिक लेखातील प्रतिमेकडे सहसा वळत नाही. अशा लेखात भाषा केवळ वाहक असते व तिच्यावाचूनही आशय जसाच्या तसा पोचला असता, अशी एक समजूत ह्या उपेक्षेच्या मुळाशी आहे. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. कवितेतील प्रतिमा फसली तर कविता फसते; वैद्यकावरील लेखातील प्रतिमा फसली तर वाचक फसतो.

ह्या तपासणीसाठी धातूंच्या अतिलहान कणांचा रोगनिदानासाठी आणि उपचारासाठी होणारा वापर हा विषय सोयीचा आहे. तो नवा आहे, त्याची परिभाषा अजून स्थिरावलेली नाही, आणि त्याविषयी मराठीत उत्साहाने लिहिले जाते. अशा लेखनात पुढील घडणीचे वाक्य वारंवार भेटते : ‘सोन्याचे सूक्ष्मकण कर्करोगाच्या पेशीत शिरून तिचा नाश करतात.’ हे वाक्य कोणा एका लेखकाचे नाही. सर्वत्र आढळणाऱ्या एका साच्याचा नमुना म्हणून ते येथे रचले आहे. वाक्य लहान आहे, शुद्ध आहे, ऐकताच समजते. त्यातील प्रत्येक पद मात्र वस्तुस्थितीपासून थोडेथोडे सरकलेले आहे, आणि ही सगळी सरकणी मिळून वाचकाला जेथे नेतात तेथे विज्ञान नाही.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. १९ मार्च २०१९ रोजी भारत सरकारने नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या ह्यांविषयीचे नियम प्रसिद्ध केले. चाचणीत सहभागी होणाऱ्या व्यक्तीला तिला समजेल अशा भाषेत माहिती देऊन तिची लेखी संमती घेतली पाहिजे, असे बंधन त्यांत आहे. त्याच वर्षी जैवतंत्रज्ञान विभागाने ह्या वर्गातील औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. उद्या कंधार तालुक्यातील एखादा शेतकरी नांदेडच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयात अशा कागदावर सही करील अथवा अंगठा उमटवील, तेव्हा त्या कागदावरील मराठी कोणती असेल? वरील वाक्याची असेल, तर त्याने कशाला संमती दिली असे म्हणावे?

२

वाक्यातील पहिले पद ‘सोन्याचे’. सोने हे मराठी मनात केवळ एका धातूचे नाव नाही. नवजात बालकाला मधात सोने उगाळून चाटविण्याची प्रथा घरोघरी होती. अक्षरशः ‘सोन्यासारखा’ ह्या विशेषणात शुद्धता, मोल आणि शुभत्व ही तिन्ही एकवटलेली आहेत. ‘लोहाचे कण’ म्हटल्यावर जी शंका मनात येईल ती ‘सोन्याचे कण’ म्हटल्यावर येत नाही. शब्दानेच अर्धी संमती मिळविलेली असते.

वस्तुतः ह्या आकाराला आलेले सोने बहुतेक अर्थांनी ‘सोनेरी’ उरत नाही. मायकेल फॅराडेने १८५७ साली लंडनमध्ये सोन्याचे जे विद्राव तयार केले ते माणकासारखे लाल होते. त्याचे कारण गुस्ताव मी ह्याने १९०८ साली गणिताने मांडले. प्रकाश पडला की कणाच्या पृष्ठभागातील इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावतात, आणि पंधरा-वीस नॅनोमीटरच्या गोल कणांत हा हेलकावा सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हिरव्या छटेचा, प्रकाश शोषून घेतो. उरतो तो लाल. आकार बदलला की रंग बदलतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री ह्यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी पत्रे तयार केले व ते काम २००४ साली प्रसिद्ध झाले. हे पत्रे लालसर प्रकाशाच्याही पलीकडील अवरक्त किरण शोषतात. माणसाच्या मांसातून हेच किरण त्यातल्या त्यात खोलवर जाऊ शकतात. म्हणून उपचाराच्या दृष्टीने त्या शोषणाला महत्त्व आहे. अंगणातील गवती चहा ज्याला ठाऊक आहे अशा वाचकाला हे उदाहरण किती जवळचे वाटले असते! परंतु ‘सोन्याचे’ एवढ्या शब्दावर भिस्त ठेवणारा लेखक ह्या गोष्टीकडे वळतच नाही.

ह्याच पदाच्या आधारे आणखी एक विधान केले जाते. सुवर्णभस्माच्या रूपाने ही विद्या प्राचीनांना अवगतच होती, असे ते विधान होय. येथे शब्दांचा इतिहास उद्बोधक आहे. रसशास्त्रात धातूचे ‘शोधन’ आणि त्यानंतर ‘मारण’ केले जाते. भस्म म्हणजे मारलेला धातू. यूनानी वैद्यकात ह्याच जातीच्या औषधाला ‘कुश्ता’ म्हणतात, आणि तो शब्दही ‘मारणे’ ह्या अर्थाच्या फारसी धातूपासून आलेला आहे. हैदराबाद संस्थानात यूनानी वैद्यकाला राजाश्रय होता. त्यामुळे कंधारच्या परिसरात ह्या दोन्ही शब्दपरंपरा शेजारी शेजारी नांदल्या. दोन भिन्न परंपरांतील वैद्यांनी एकच रूपक वापरावे ही लक्षणीय गोष्ट आहे. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले असता सुवर्णभस्मात सोने ‘मेलेले’ आढळत नाही. ते धातुरूपातच असते. मेलेली असते ती त्याची चकाकी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत त्यातील सुवर्णकणांचा सरासरी आकार सुमारे ५७ नॅनोमीटर आढळला. एवढ्यावरून भस्म आणि आजचा औषधी कण एकच ठरत नाहीत. भस्म पोटात घेतले जाते, आजचा कण बहुधा शिरेतून दिला जातो. भस्मात कण एकमेकांना चिकटून मोठी ढेकळे होतात, आजच्या कणावर तो सुटा राहावा म्हणून मुद्दाम लेप चढविलेला असतो. वारितर, रेखापूर्ण, निश्चंद्र ह्या भस्मपरीक्षा सूक्ष्म निरीक्षणाच्या साक्षी आहेत आणि त्यांचा आदर अवश्य करावा. पण ‘पाण्यावर तरंगते’ हे निरीक्षण आणि ‘पेशीत जाते’ हा सिद्धांत ह्यांतील अंतर आदराने भरून निघत नाही.

३

दुसरे पद ‘सूक्ष्मकण’. मराठीत ‘सूक्ष्म’ हे विशेषण पूर्वीच एका पातळीला दिले गेले आहे : सूक्ष्मदर्शक, सूक्ष्मजीव. सामान्य जीवाणूची लांबी एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे हजार-दोन हजार नॅनोमीटर असते. पन्नास नॅनोमीटरचा कण त्याच्या विसाव्या हिश्शाहून मोठा नाही. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दाखविता येत नाहीत. म्हणजे ‘सूक्ष्मदर्शका’तून ज्याचा आकार दिसत नाही त्याला ‘सूक्ष्म’कण म्हणण्याचा प्रसंग आला आहे. एकाच विशेषणावर दोन पातळ्यांचा भार टाकल्याचा हा परिणाम होय.

दुसऱ्या बाजूने तो ‘अणू’ही नव्हे. पंधरा नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणात सुमारे एक लाख अणू असतात. पन्नास नॅनोमीटरच्या कणात अडतीस लाखांच्या आसपास. अणू आणि जीवाणू ह्यांच्या मधल्या ह्या प्रदेशासाठी मराठीत ‘अब्जांश’ हा शब्द सुचविला गेला आहे, आणि तो चांगला आहे. ‘नॅनो’चे मूळ ग्रीक भाषेतील ‘खुजा माणूस’ ह्या अर्थाच्या शब्दात आहे. १९६० साली आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीने त्याला अब्जाव्या भागाचा अर्थ दिला. मूळ शब्दात चित्र आहे, माप नाही. मराठी शब्दात माप आहे. ‘नॅनोकण’ हा शब्दही आता रुळला आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. दोहोंपैकी कोणताही वापरावा. ‘सूक्ष्मकण’ मात्र वापरू नये.

४

तिसरे पद ‘पेशीत’. ह्या शब्दाची कहाणी तिरपागडी आहे. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले त्यांना खोलीवाचक नाव दिले. संस्कृतात ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा अथवा स्नायू. हिंदीत तो अर्थ आजही आहे, आणि हूकच्या कप्प्यासाठी तेथे ‘कोशिका’ म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘पेशी’ घेतला, मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ पसंत केला. ज्या भागात १९४८ पर्यंत न्यायालयाची भाषा उर्दू होती, तेथील जुन्या पिढीला ‘पेशी’ म्हटल्यावर न्यायाधीशासमोरची हजेरी आठवावी हेही स्वाभाविक होते. पण शब्द एकदा रुळल्यावर व्युत्पत्तीची तक्रार करण्यात अर्थ नाही. ‘पेशी’ राहू द्यावी. प्रश्न तिला जोडलेल्या ‘त’ ह्या प्रत्ययाचा आहे.

‘पेशीत’ म्हणजे नेमके कोठे? येथे मराठी लेखकाच्या मनात बहुधा किल्ल्याचे चित्र असते : भोवती तट, तटाला दरवाजा, आत मुलूख. कंधारचा भुईकोट ज्याने पाहिला आहे त्याला हे चित्र सहज सुचावे. खंदक आहे, तट आहे, एकामागून एक दरवाजे आहेत. परंतु पेशीचा पडदा दगडी नाही. तो सात-आठ नॅनोमीटर जाडीचा, तेलकट, सतत हलणारा आणि प्रवाही असा आहे; त्याचे हे स्वरूप १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन ह्यांनी मांडले. पन्नास नॅनोमीटरचा कण पडद्याच्या जाडीच्या सहापट मोठा असतो. तो पडद्याला भोक पाडून आत जात नाही. कण पडद्याला चिकटतो, पडदा त्याच्याभोवती लपेटला जातो, लपेटलेला भाग पिशवीसारखा तुटतो आणि ती पिशवी आत ओढली जाते. ह्या क्रियेला ‘एंडोसायटोसिस’ हे व्यापक नाव ख्रिस्तियां द द्यूव ह्याने १९६३ साली दिले. मराठीत तिला ‘अंतर्ग्रहण’ म्हणता येईल.

आता कण पेशीत आहे काय? आहे, आणि नाही. तो पिशवीत आहे, आणि पिशवीची आतली बाजू म्हणजे पडद्याची मूळची बाहेरची बाजू होय. पेशीच्या जिवंत द्रवाला त्याचा स्पर्शही झालेला नाही. औषध त्या द्रवात अथवा केंद्रकात पोचावयाचे असेल, तर कणाने पिशवीतूनही सुटले पाहिजे; आणि पुष्कळसे कण तेथेच अडकून पडतात, ही ह्या क्षेत्रातील मोठ्या अडचणींपैकी एक आहे. ‘पेशीत’ ह्या एका पदाने ती अडचणच अदृश्य होते.

ह्यावर मराठीत शब्द नाहीत असे म्हणण्यात अर्थ नाही. मराठवाड्यातील जुन्या वाड्याची रचना आठवावी. दरवाजातून आत आल्यावर ढाळज लागते. परका माणूस तेथे बसतो, पाणी पितो, बोलणे करतो आणि तेथूनच परत जातो. तो वाड्यात आला होता काय? आला होता. माजघरात आला होता काय? नव्हता. ही दोन ‘आत’ ज्या समाजाने घराच्या बांधणीतच वेगळी ठेवली, त्याच्या भाषेत पेशीची दोन ‘आत’ वेगळी करता येऊ नयेत, हे पटण्यासारखे नाही. ‘पिशवीत’, ‘पेशीद्रवात’, ‘केंद्रकात’ अशी तीन साधी पदे वापरली तरी काम भागते.

पदातील ‘कर्करोगाच्या’ हे विशेषणही तपासले पाहिजे. २०१६ साली टोरांटोच्या वॉरेन चॅन ह्यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतील प्रकाशित प्रयोगांचा आढावा घेतला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी अर्बुदात पोचणाऱ्या भागाचे मध्यक मूल्य ०.७ टक्के आढळले. शंभरातला एकही पूर्ण भाग नव्हे. उरलेल्यांपैकी पुष्कळसे कण यकृत आणि प्लीहा ह्यांतील निरोगी भक्षक पेशी उचलतात. प्रतिमाचित्रणातील एका उदाहरणात तर वाक्याचा अर्थ पुरता उलटा होतो. लोहाच्या ऑक्साइडचे कण असलेले ‘फेरिडेक्स’ हे द्रव्य १९९६ साली अमेरिकेत यकृताच्या चुंबकीय चित्रणासाठी मान्य झाले. २००८ साली ते बाजारातून गेले. त्याने यकृतातील निरोगी भाग काळा दिसे, कारण तेथील भक्षक पेशी ते कण उचलीत; गाठीत अशा पेशी नसल्यामुळे गाठ उजळ राही. म्हणजे कण कर्करोगाच्या पेशीत गेले नाहीत, म्हणूनच कर्करोग दिसला.

५

चौथे पद ‘शिरून’. वाक्यातील सर्वांत बोलके आणि सर्वांत घातक. ‘शिरणे’ ह्या क्रियापदाचा कर्ता स्वतःच्या हालचालीने आत जातो. चोर घरात शिरतो, काटा पायात शिरतो, वारे अंगात शिरते, भूत अंगात शिरते. ज्यात शिरले जाते तो पक्ष ह्या सर्व प्रयोगांत स्वस्थ असतो, बहुधा पीडितही असतो. पेशीच्या बाबतीत स्थिती उलट आहे. कण निष्क्रिय आहे. त्याला पाय नाहीत, हेतू नाही. कामकरी आहे ती पेशी. पडदा वाकविण्यासाठी तिला ऊर्जा खर्चावी लागते, आणि थंडीत ठेवलेली पेशी कण घेईनाशी होते. चॅन ह्यांच्याच गटाने २००६ साली हेला पेशींवर केलेल्या प्रयोगात १४ ते १०० नॅनोमीटर आकारांपैकी ५० नॅनोमीटरचे कण सर्वाधिक घेतले गेले. ‘शिरणे’ खरे असते, तर सर्वांत लहान कण सर्वांत सहज शिरावयास हवा होता. तसे होत नाही. कारण फार लहान कणाभोवती पडद्याला लपेटणे अवघड जाते आणि फार मोठ्यासाठी पडद्यावरील ग्राहक रेणू अपुरे पडतात. एका क्रियापदाच्या निवडीने प्रयोगाचा निष्कर्षच अनाकलनीय करून टाकला आहे.

‘गिळणे’ हे घरगुती क्रियापद येथे अधिक जवळचे आहे. खेळता खेळता मुलाने नाणे गिळले, असे घडते. नाणे मुलाच्या पोटात आहे. ते पचत नाही, रक्तात जात नाही, आणि काही काळाने बहुधा बाहेर पडते. सोन्याचा कणही पेशीच्या पाचक पिशवीत जातो, पचत नाही, काही वेळा बाहेर टाकला जातो आणि काही वेळा दीर्घकाळ तेथेच राहतो. ह्या शेवटच्या शक्यतेचा विचार रुग्णाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ‘शिरला’ म्हटल्यावर ‘मग निघाला कधी?’ हा प्रश्न कोणाला सुचत नाही. ‘गिळला’ म्हटल्यावर तो आपोआप सुचतो. जे क्रियापद योग्य प्रश्न सुचविते ते शास्त्राच्या अधिक कामाचे.

६

शेवटचे पद ‘नाश करतात’. मराठीतील ‘ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधित दोन क्रियांना एकाच कर्त्याच्या हाती देते आणि पहिलीतून दुसरी निघते असे सुचविते. ‘शिरून नाश करतात’ म्हटले की शिरणे हे कारण आणि नाश हे कार्य ठरते. प्रत्यक्षात मधले सर्व काही गळून पडले आहे. सिलिकेच्या गाभ्यावर सोन्याचे कवच चढविलेल्या, सुमारे १५० नॅनोमीटरच्या कणांचा उपयोग पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात करून पाहिल्याचा वृत्तांत २०१९ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण १६ होते. कण शिरेतून दिले गेले, नंतर तंतूच्या साहाय्याने अवरक्त लेसर प्रकाश गाठीपर्यंत नेला गेला, कणांनी तो शोषला, ते तापले, आणि त्या तापाने ऊती मेल्या. प्रकाश नसता तर कण स्वस्थ पडून राहिले असते. शिवाय ह्या उपचारात कण पेशीच्या आत जाणे ही पूर्वअटच नाही. ते अर्बुदाच्या ऊतीत साठले तरी पुरते, कारण उष्णता पडद्यापाशी थांबत नाही. ज्या उदाहरणाकडे ‘नाश करतात’चा पुरावा म्हणून बोट दाखविता येईल, तेथेच ‘शिरून’ निराधार ठरते.

सोळा रुग्णांवरील प्राथमिक वृत्तांताला साध्या वर्तमानकाळात, ‘करतात’ असे, लिहावे काय हाही प्रश्न आहे. मराठीचा साधा वर्तमान नित्य सत्य सांगतो : सूर्य पूर्वेला उगवतो, कण नाश करतात. जे करून पाहिले गेले ते ‘केला’, ‘आढळला’, ‘करून पाहण्यात आला’ असे भूतकाळातच सांगावे. काळाची निवड ही येथे सचोटीची बाब होते.

७

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रूपकावाचून कोणतीच भाषा चालत नाही आणि इंग्रजी लेखनातही लक्ष्यवेध, प्रवेश, जादूची गोळी असली रूपके आहेतच. हे खरे आहे. परंतु इंग्रजी शोधनिबंधात चिकटणे, उचलले जाणे, पिशवीत असणे, पिशवीतून सुटणे ह्यांना वेगवेगळे शब्द आहेत, आणि रूपक घसरले तर त्याला सावरणारी ही परिभाषा शेजारीच उभी असते. मराठीत रूपक आले, परिभाषा मागे राहिली. दुसरा आक्षेप असा की, सामान्य वाचकाला एवढे तपशील झेपणार नाहीत. वरील उदाहरणे ह्या आक्षेपाचे उत्तर देतात. ढाळज आणि माजघर, गिळलेले नाणे, गवती चहा ह्यांत न झेपण्यासारखे काय आहे? अवघड शब्द टाळण्याच्या नावाखाली बहुधा अवघड वस्तुस्थितीच टाळली जाते.

केवळ संस्कृत शब्द घडविणे हाही ह्यावरचा उपाय नव्हे. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली हैदराबादेत अनुवाद संस्था स्थापन झाली आणि तिने उर्दूत विज्ञानाची मोठी परिभाषा उभी केली. राज्य बदलले, शिक्षणाचे माध्यम बदलले, आणि ती परिभाषा मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या उपयोगाची राहिली नाही. जी परिभाषा बोलीच्या क्रियापदांत रुजत नाही ती राजाश्रयाबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते. नामे बाहेरून आली तरी चालतील. क्रियापदे घरची आणि अचूक असली पाहिजेत. वैज्ञानिक विधान क्रियापदावर उभे असते.

आरंभीचे वाक्य मग असे लिहिता येईल : ‘सोन्याचे अब्जांश कण शिरेतून दिले जातात. त्यांचा अगदी थोडा भाग गाठीत साठतो. पुष्कळसा यकृत आणि प्लीहा येथील पेशी गिळतात, आणि तो तेथे दीर्घकाळ राहू शकतो. गाठीवर विशिष्ट प्रकाश टाकला की तेथे साठलेले कण तापतात व त्या उष्णतेने भोवतालच्या पेशी मरतात. हा उपचार अद्याप थोड्याच रुग्णांवर करून पाहण्यात आला आहे.’ एका वाक्याची पाच वाक्ये झाली. त्यांत चमत्कार उरला नाही. पण प्रत्येक क्रियापदाला त्याचा खरा कर्ता मिळाला, आणि यकृतातील कणांचे पुढे काय होते हा प्रश्न विचारण्याची सोय झाली. कंधारच्या शेतकऱ्यासमोर कागद ठेवावयाचा तर तो ह्या पाच वाक्यांचा असावा. तो वाचून त्याने सही केली नाही, तरी त्या नकाराला अर्थ राहील. आणि केली, तर त्या सहीलाही.